मालवणचा समुद्रतळ : पाहण्याचा इतिहास आणि इतिहासाचे नवे साधन

प्रस्तावना

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. मराठ्यांच्या इतिहासात या किनाऱ्याला असाधारण स्थान आहे. तथापि आपल्या इतिहासलेखनात समुद्र येतो तो प्रामुख्याने पृष्ठभागावरचा. आरमार, जलदुर्ग, बंदरे, जकात, व्यापारी जहाजे आणि आरमारी लढाया हे त्याचे विषय होत. पृष्ठभागाखाली काय आहे, ते कोणी पाहिले, केव्हा पाहिले आणि त्या पाहण्याने काय बदलले, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने क्वचितच विचारले आहेत. ते प्रश्न जीवशास्त्राचे आहेत असे गृहीत धरून आपण ते बाजूला ठेवले.

गेल्या काही वर्षांत मालवण, तारकर्ली, देवबाग या परिसरात स्कूबा डायव्हिंग हा पर्यटनाचा मोठा भाग बनला आहे. छोट्या होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जायचे, पाठीवर हवेची टाकी घेऊन प्रशिक्षकाच्या आधाराने काही मीटर खोल उतरायचे आणि प्रवाळ व मासे यांच्यासमवेत आपले छायाचित्र घेऊन परतायचे, असे या सहलीचे स्वरूप असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील घरांतूनही आता अशी छायाचित्रे पाहावयास मिळतात. श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातील, ऊस आणि साखर कारखानदारीसाठी ओळखले जाणारे गाव. तेथील विद्यार्थ्याला समुद्रतळाचे चित्र आज सहज उपलब्ध होते, ही घटना वरवर किरकोळ वाटली तरी इतिहासाच्या दृष्टीने ती नवी आहे.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार केला आहे. पहिली, पाण्याखाली पाहण्याची व छायाचित्रे घेण्याची साधने कशी विकसित झाली; दुसरी, मालवणचा समुद्रतळ टप्प्याटप्प्याने कसा ‘दिसू’ लागला; आणि तिसरी, या दिसण्याचा लाभ कोणाला झाला व त्याची किंमत कोणी मोजली. लेखाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून प्रकाशित साधनांचा त्यासाठी आधार घेतला आहे.

पाण्याखालील दृष्टीचा विकास

पाण्यात बुडी मारण्याची कला प्राचीन आहे. मन्नारच्या आखातात मोती व शंख काढणारे पाणबुडे शतकानुशतके श्वास रोखून तळाशी जात. कोकणातही खडकाळ भागात कालवे आणि शेवंडे काढणाऱ्यांना तळाची माहिती होतीच. मात्र हे ज्ञान एका श्वासाच्या मर्यादेतले होते आणि ते पाहणाऱ्याच्या स्मरणातच राहत असे. दुसऱ्याला दाखविता येईल असा पुरावा त्यातून निर्माण होत नव्हता.

असा पुरावा प्रथम छायाचित्रणाने दिला. इ. स. १८५६ मध्ये इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन याने कॅमेरा पेटीत बंद करून होडीतून पाण्यात सोडला आणि तळाचे एक अस्पष्ट चित्र मिळविले. तो स्वतः पाण्यात उतरला नव्हता. १८९३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई बूताँ याने पाणबुड्याचा पोशाख घालून बानयुल्स-सुर-मेर येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली. त्या काळी एका चित्रासाठी अर्धा तासपर्यंत काच प्रकाशात धरावी लागे, त्यामुळे हलणारा मासा टिपणे जवळजवळ अशक्य होते. १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी अमेरिकेच्या फ्लोरिडानजीकच्या समुद्रात, तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून पहिली रंगीत चित्रे मिळविली. पुढील वर्षी ती नॅशनल जिओग्राफिक मासिकात प्रसिद्ध झाली.

खरा बदल घडला तो १९४३ मध्ये. फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यँ यांनी मागणीनुसार हवा पुरविणारे स्वयंपूर्ण श्वसनयंत्र तयार केले. वरून येणारी नळी आणि जड शिरस्त्राण यांपासून पाणबुड्याची सुटका झाली. आज ज्याला आपण स्कूबा म्हणतो त्याचे हे मूळ होय. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी वेगळ्या पेटीची गरज नसलेला जलाभेद्य कॅमेराही बाजारात आला, आणि पाण्याखालचे छायाचित्रण प्रयोगशाळेच्या बाहेर पडले.

या तंत्रामागील भौतिक नियम समजून घेतले तर त्याच्या मर्यादाही कळतात. समुद्रात दर दहा मीटर खोलीमागे सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून वर येताना श्वास रोखणे धोक्याचे असते, कारण फुप्फुसातील हवा प्रसरण पावते. पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वप्रथम शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खोलीवरच लाल मासा करडा दिसू लागतो आणि त्याचा मूळ रंग कृत्रिम प्रकाशाशिवाय चित्रात येत नाही. शिवाय मुखवट्याच्या काचेतून वस्तू प्रत्यक्षापेक्षा मोठी आणि जवळ भासते. पाण्याखालचे छायाचित्र म्हणजे समुद्राचे निखळ प्रतिबिंब नव्हे, ते साधनाने घडविलेले चित्र असते, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

याच इतिहासात आणखी एक धडा आहे. कूस्तो यांचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा चित्रपट १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला आणि त्याने जगाला समुद्रतळाचे वेड लावले. त्याच चित्रपटात माशांची गणती करण्यासाठी प्रवाळक्षेत्रात सुरुंग उडविल्याचे आणि शार्क माशांना मारल्याचे दृश्य आहे. पुढे कूस्तो सागरसंवर्धनाचे पुरस्कर्ते झाले ही गोष्ट वेगळी, परंतु पाहण्याच्या ओढीतून पाहिली जाणारी वस्तूच नष्ट होऊ शकते, याचा हा आरंभीचा पुरावा होय.

किल्ल्यावरून दिसणारा समुद्र

मालवणचा समुद्र मराठी मनाला परिचित झाला तो सिंधुदुर्ग किल्ल्यामुळे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. त्या वेळचे भूमिपूजन किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी झाल्याचे सांगितले जाते. सुमारे तीन वर्षांत किल्ला पूर्ण झाला. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या समुद्रावरील सत्तेला शह देणे हा त्यामागील हेतू होता.

स्थळाच्या निवडीत पाण्याखालच्या भूगोलाचे ज्ञान निर्णायक होते, हा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा आहे. बेटाभोवती पाण्यात दडलेले खडक आहेत. अनोळखी जहाजाला ते घातक, तर वाट माहीत असलेल्या स्थानिक तांडेलाला तेच संरक्षक. ज्या खडकांमुळे किल्ला सुरक्षित राहिला, त्याच खडकांवर प्रवाळ वाढले आणि आज पर्यटक तेच खडक पाहावयास पाण्यात उतरतात. किल्ला आणि प्रवाळ यांचा आधार एकच आहे. इतिहास व जीवशास्त्र यांनी वेगवेगळ्या दप्तरांत ठेवलेली ही माहिती वस्तुतः एकाच खडकाची दोन वर्णने होत.

१७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, परंतु तो लवकरच परत करावा लागला. १८१२ च्या तहान्वये कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेले. या काळातील समुद्राचे ज्ञान म्हणजे खोली मोजून नकाशावर मांडलेले आकडे. दोरीला शिसे बांधून तळ चाचपला जाई. तळ मोजला गेला, पण तो कोणी पाहिला नव्हता.

शास्त्रज्ञांनी पाहिलेला समुद्र

स्वातंत्र्यानंतर समुद्रजीवनाचे दर्शन सामान्य मराठी माणसाला प्रथम घडले ते काचेच्या पेटीतून. १९५१ मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि शाळांच्या सहलींचे ते ठरलेले ठिकाण बनले. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेमुळे पश्चिम किनाऱ्याच्या अभ्यासाला बळ मिळाले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर कच्छचे आखात आणि लक्षद्वीप यांच्या दरम्यान जिवंत प्रवाळ फारसे नाहीत, असा समज दीर्घकाळ होता. १९७९ मध्ये एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्या समजाला तडा गेला.

याच संस्थेने १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वीय शोध घेतला. पाण्याखालचा अवशेष हे इतिहासाचे साधन होऊ शकते, ही जाणीव भारतीय विद्यापीठांत त्यातून रुजली. विजयदुर्गानजीक पाण्याखाली असलेल्या भिंतसदृश रचनेविषयीची चर्चा महाराष्ट्रातील अभ्यासकांना परिचित आहे.

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभाक्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि लगतचे पाण्याखालील खडक या गाभाक्षेत्रात येतात. पुढे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश झाला. कायद्याच्या दृष्टीने खडकावरील प्रवाळाला वाघाच्या पंक्तीला बसविले गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मच्छीमारांनी ओळखलेला समुद्र

अभयारण्याच्या घोषणेला स्थानिक मच्छीमार समाजाने प्रारंभापासून विरोध केला. हा विरोध म्हणजे निसर्गाविषयीची अनास्था, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. ज्या पाण्यात पिढ्यानपिढ्या जाळे टाकले, तेथे एका अधिसूचनेने आपण परके ठरू, ही भीती त्यामागे होती. रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार त्याच काळात यांत्रिक मासेमारीशीही झगडत होते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा असूनही किनाऱ्यालगतच्या पाण्याचा वाद मिटला नाही. २०१६ मध्ये शासनाला पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले, यावरून या संघर्षाची तीव्रता लक्षात येते.

मच्छीमाराचे समुद्रज्ञान हे पाहण्याचे नसून ओळखण्याचे ज्ञान आहे. किनाऱ्यावरील झाड, देवळाचा कळस, डोंगराचा उतार यांची सांगड घालून तो पाण्याखालचा खडक नेमका शोधतो. गोबरा कोठे सापडेल, तांबोशी कोणत्या हंगामात खडकाजवळ येते, म्हाकूल केव्हा मिळते, हे त्याला ठाऊक असते. या ज्ञानाची छायाचित्रे नाहीत आणि ते लेखीही नाही. अभयारण्याची सीमा आखताना किनाऱ्यावरील व समुद्रातील धोंड्यांच्या खुणा वापराव्या लागल्या, त्या खुणांना नावे मच्छीमारांनीच दिलेली होती. खुणा घेतल्या गेल्या, परंतु त्या खुणांचे ज्ञान बाळगणाऱ्यांना निर्णयात स्थान मिळाले नाही, ही या इतिहासातील मुख्य विसंगती होय.

पर्यटकाने पाहिलेला समुद्र

१९८१ मध्ये स्वतंत्र झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प राबविला गेला. त्यात स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग व स्कूबाचे प्रशिक्षण देण्यावर भर होता. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव या कार्याशी निगडित आहे.

या प्रक्रियेचा एक परिणाम निःसंशय स्वागतार्ह आहे. मच्छीमार कुटुंबातील तरुण आता प्रशिक्षक, नाखवा आणि पाण्याखालचा छायाचित्रकार म्हणून काम करतो. ज्या खडकावर त्याचे वडील गळ टाकीत, तोच खडक तो पर्यटकाला दाखवितो. प्रवाळ जिवंत राहिले तरच हा व्यवसाय टिकेल, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. संवर्धनाचा जो विचार १९८७ मध्ये अधिसूचनेने पोहोचविता आला नाही, तो काही अंशी रोजगाराने पोहोचविला.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मालवणच्या प्रवाळांचे विरंजन नोंदविले. पाण्याचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, त्याचा रंग जातो आणि ताण दीर्घकाळ टिकला तर तो मरतो. २०२० मध्ये त्याच संस्थेतील संशोधकांनी ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’मध्ये मालवणच्या प्रवाळांना मनोरंजनात्मक डायव्हिंगमुळे होणाऱ्या हानीकडे लक्ष वेधले. पोहण्याची सवय नसलेला पर्यटक तोल सावरण्यासाठी प्रवाळाला धरतो, त्यावर पाय देतो, चित्रासाठी त्याला बिलगतो. वर्षाला काही मिलिमीटर ते एखादा सेंटीमीटर वाढणारा प्रवाळ एका क्षणात तुटतो. होडीचा नांगर खडकावर पडला तर हानी त्याहून मोठी होते.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्राचे रूप किती झपाट्याने बदलते, याची जाण किनाऱ्यावरील माणसाला असते, घाटावरून आलेल्या पर्यटकाला ती नसते. प्रवासी किती घ्यावेत आणि कोणत्या दिवशी जाऊच नये, हे ठरविण्याचे काम गर्दीवर सोपविता येत नाही.

सन २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीनजीक समुद्रात ठेवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती निर्माण करण्याची योजना शासनाने हाती घेतली. नैसर्गिक प्रवाळांवरील ताण त्यातून कमी होऊ शकेल. मात्र कृत्रिम आकर्षण नैसर्गिक खडकांच्या संरक्षणाला पर्याय ठरू शकत नाही, हे भान राखणे आवश्यक आहे.

छायाचित्र : इतिहासाचे साधन

आतापर्यंतच्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मालवणच्या एकाच खडकाकडे दुर्गकर्त्याने, नकाशाकाराने, मच्छीमाराने, शास्त्रज्ञाने आणि पर्यटकाने आपापल्या गरजेनुसार पाहिले. यांपैकी पर्यटकाने घेतलेली छायाचित्रे संख्येने सर्वाधिक असूनही साधन म्हणून सर्वांत दुर्लक्षित आहेत. प्रत्येक हंगामात एकाच ठिकाणाची असंख्य चित्रे घेतली जातात. त्यांच्या मध्यभागी पर्यटक असतो, परंतु पार्श्वभूमीवर प्रवाळ असतो. दिनांक आणि स्थळ निश्चित असेल तर ही पार्श्वभूमी म्हणजे त्या खडकाची वर्षावर्षाची नोंद ठरते. कोणत्या वर्षी रंग उडाला, कोणता भाग तुटला, कोणता मासा दिसेनासा झाला, याचे उत्तर त्यात मिळू शकते.

इतिहासाच्या साधनाला लागू होणारी चिकित्सा या चित्रांनाही लावावी लागेल. चित्र कोणी घेतले, कोणासाठी घेतले, मासे जवळ यावेत म्हणून खाद्य टाकले होते काय, रंग नंतर बदलले काय, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. बखरीचा लेखक आश्रयदात्याला प्रसन्न करण्यासाठी लिहीत असेल तर आपण तिला सावधपणे वाचतो. ग्राहकाला प्रसन्न करण्यासाठी घेतलेले चित्रही त्याच सावधपणे वाचावे लागेल.

हा विचार केवळ किनाऱ्यापुरता नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात भीमाकाठची अनेक गावे गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर वर येते आणि लोक ते पाहावयास जातात. सोलापूर जिल्ह्यातील अभ्यासकाला पाण्याखालचा इतिहास परका नाही. फरक इतकाच की उजनीचे पाणी अधूनमधून स्वतःहून बाजूला होते, मालवणचे होत नाही. तेथे आपल्यालाच खाली उतरावे लागते आणि उतरताना काय तुडविले जाते याचा हिशेब ठेवावा लागतो.

निष्कर्ष

१. पाण्याखाली पाहण्याच्या साधनांनी समुद्रतळ मराठी समाजाच्या दृष्टिपथात आणला, परंतु पाहण्याचा विस्तार आणि संरक्षणाची व्यवस्था यांचा वेग समान राहिला नाही.

२. सिंधुदुर्ग किल्ल्याचा इतिहास आणि तेथील प्रवाळांचा इतिहास परस्परांपासून वेगळा करता येत नाही. जलदुर्गाच्या जतनात त्याभोवतीच्या खडकांचे जतन अंतर्भूत असले पाहिजे.

३. मच्छीमारांचे मौखिक समुद्रज्ञान हे इतिहासाचे मौल्यवान साधन आहे. ते ज्येष्ठ पिढीसोबत नाहीसे होण्यापूर्वी कोकणातील महाविद्यालयांनी त्याचे ध्वनिमुद्रण व संकलन करणे गरजेचे आहे.

४. दिनांक व स्थळासह पाण्याखालील छायाचित्रांचा संग्रह स्थानिक महाविद्यालये, प्रशिक्षक व मच्छीमार संस्था यांच्या सहकार्याने उभा राहिल्यास इतिहास व सागरी जीवशास्त्र या दोन्ही शाखांना त्याचा उपयोग होईल.

५. गाभाक्षेत्रात मासेमारीवर बंधन आणि पर्यटनाला मोकळीक, अशी विषम व्यवस्था संवर्धनाविषयी अविश्वास वाढविते. दोहोंना समान नियम लागू असणे न्यायाचे होय.

मराठ्यांच्या आरमाराचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने त्या आरमाराला आश्रय देणाऱ्या समुद्राचीही जबाबदारी घेतली पाहिजे. किल्ल्याचा एखादा चिरा ढासळला तर आपण अस्वस्थ होतो आणि वृत्तपत्रे त्याची दखल घेतात. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्याखाली प्रवाळ तुटतो तेव्हा तो कोणाला दिसत नाही, अशी सबब पूर्वी देता येत होती. आता तो दिसतो, त्याची छायाचित्रे आपल्याच घरांत आहेत, म्हणून ती सबब उरलेली नाही.